रोझाआजीचा न नेलेला पासपोर्ट

फॉल रिव्हर, अमेरिका, १२ जानेवारी १९८६

चि. फिलोमेनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई जाऊन परवा दोन महिने झाले. घर नुसतं खायला उठतं, म्हणून एक उद्योग काढलाय. आमच्या मंडळातल्या, आपल्या बेटांवरून इकडे आलेल्या बायका सध्या आपापल्या वंशाची झाडं काढताहेत. सिल्वेरियाबाई तर तीनशे वर्षं मागे पोचल्या, नि सांगताना नाक इतकं वर की पाऊस आला तर आत पडेल. माझ्याकडे काय? आजोबांचा गिरणीतला एक फोटो, नि रोझाआजीचं नाव.

पवित्र आत्म्याच्या सणाला सगळी झाडं सभागृहात लावायची आहेत. तेव्हा तू एकदा बोटीने शेजारच्या बेटावर आंग्राला जा. तिथल्या दप्तरखान्यात आपल्या गावच्या चर्चची जुनी पुस्तकं आहेत. आजीच्या दोघी लेकींचे, म्हणजे माझ्या आईचे नि तुझ्या आईचे, बाप्तिस्म्याचे दाखले उतरवून आण. येण्याजाण्याचं मी बघते.

कपड्यांचं पोतं पाठवलंय. निळा कोट तुझाच. गोड पाव थोडा कमी खाल्लास तर बटणंही लागतील. आणि एक विचारू? तुझी आई आजीला ‘आई’ सोडून जन्मभर ‘धर्ममाय’ का म्हणायची? माझ्या आईला विचारलं की ती उठून भांडी घासायला लागायची.

आठवण ठेव एवढंच मागणं.
तुझी,
दिओलिंदाताई

नॉर्ते पेकेनो, साव जॉर्ज बेट, १८ मार्च १९८६

ति. दिओलिंदाताईस,
सा. न. वि. वि.

पोतं पोचलं. कोटाची बटणं लागतात हो, न लागायला काय झालं! सबंध गाव मला ‘अमेरिकेची फिलोमेना’ म्हणून चिडवतं, ते मात्र मनाला लागतं.

आंग्राला जाऊन आले. दोन दिवस समुद्र खवळलेला, पोटातलं सगळं बाहेर. आणि एवढं करून हाती काही नाही. आपल्या गावची त्या वर्षांची पुस्तकं सहा वर्षांपूर्वीच्या भूकंपात गेली, असं म्हणतात. तेव्हा तो नाद सोड.

रागावू नकोस, पण मनातलं बोलतेच. ताई, तुला देवाने काय कमी दिलं? घर दिलं, मोटार दिली, दात दुखला तर डॉक्टर दिला. इथे आम्ही काय दिवस काढले ते आम्हाला ठाऊक. माझ्या वाट्याला एक आजी आली. सात वर्षं ती अंथरुणावर होती. तिला उचललं मी, भरवलं मी, केस विंचरले मी. तुम्ही नाताळला कार्ड पाठवत होतात. आणि आता तुम्ही तिला कागदावर काढून भिंतीवर टांगणार, चारचौघींत मिरवणार! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. जळते मी तुझ्यावर, आजची नाही, परकर नेसत होते तेव्हापासून. तेवढी म्हातारी माझी राहू दे.

आईला सवय होती धर्ममाय म्हणायची, त्यात काय विचारायचं?

मोठी आहेस, धाकटीचं बोलणं पोटात घाल.
तुझी,
फिलोमेना

फॉल रिव्हर, ९ एप्रिल १९८६

चि. फिलूस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून हसले, मग रडले, मग परत वाचलं. अगं, सिल्वेरियाबाईंचा भाचा गेल्याच महिन्यात आंग्राहून त्याच पुस्तकांच्या प्रती घेऊन आला. भूकंपाने आपलंच पान बरं शोधून खाल्लं!

मीही ते पान मागवलं. मार्च १९१०, तुझ्या आईचं. ‘अना, आईबाप अज्ञात, रोझाच्या दारात सापडली, धर्ममाता रोझा.’ आजोबा तर दीड वर्ष आधीच इकडे आले होते. आता कळलं मला, तू का खोटं बोललीस. हे वाचून तू परत बोटीत एकटी बसलीस, समुद्र तसला, नि शेजारी कुणी नाही. माझ्या जिवाला ते फार लागलं.

पण फिलू, तू जळतेस म्हणतेस, तर आता माझंही ऐक. आईच्या पेटीत आजोबांचं १९२० सालचं पत्र सापडलं. बायकोला नि माझ्या आईला, मारियानाला, बोलावणं धाडलंय, आणि खाली लिहिलंय, माझ्या माघारी घरात आलेलं पोर इकडे आणायचं नाही. आजीने काय केलं? माझ्या आईला, बारा वर्षांच्या पोरीला, आत्याबरोबर बोटीत बसवलं. पुढच्या बोटीने येते म्हणाली. आणि तुझ्या आईसाठी मागे राहिली.

बेटांवरून बोट येणार म्हटलं की आई धक्क्यावर जायची. पुढे बोटी बंद झाल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जातानाही तिने हेच विचारलं, ती यायला निघाली होती का गं, की मला नुसतं फसवलं? पोटची दिली पाठवून, नि दारातली घेतली उराशी. सांग, कुणी कुणावर जळायचं? तू सात वर्षं तिचे केस विंचरलेस. मी तिला पाहिलंसुद्धा नाही. तुझ्या त्या सात वर्षांवर माझं घर ओवाळून टाकीन.

एकच कर. दप्तरखान्यात पासपोर्टांच्या नोंदवह्या असतात. आजीने कधी पासपोर्ट मागितला होता का, तेवढं बघ. नसेल तर नसेल. पण या वेळी खरं लिही.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून,
दिओलिंदाताई

नॉर्ते पेकेनो, ४ मे १९८६

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले, बघितलं, नि देवाशपथ खरं लिहितेय.

१९२० च्या वहीत आजीचा पासपोर्ट आहे. तयार झालेला. पुढे घेतल्याची सही नाही; नेलाच नाही. त्यात तिचं एकटीचंच नाव होतं. त्यानंतर तीन अर्ज आहेत, एकवीस, बावीस नि तेवीस सालचे. प्रत्येकावर ‘रोझा, सोबत धर्मकन्या अना’, आणि प्रत्येकावर एकच शेरा, ‘मुलीस बोलावणं नाही, परत.’ दर वर्षी ही बाई बोटीने आंग्राला गेली, ताई. दर वर्षी. पुढे अमेरिकेनेच दार लावून घेतलं. ती निघाली होती. दोघींना एका ठिकाणी आणायला निघाली होती, नि ते तिला जमलं नाही. नकला सोबत आहेत.

झाडावर माझ्या आईला कुठे बसवायचं ते तू ठरव. आजीच्या खाली, एवढं मात्र असू दे. बाजूला तुटक रेघ काढलीस तरी चालेल.

आता जे लिहिते ते सत्तावीस वर्षं पोटात आहे. शेवटची चार वर्षं आजी मला फिलोमेना म्हणत नव्हती. घास घेताना, केस विंचरताना, ‘मारियाना, आलीस का?’ एवढंच म्हणायची. मी ‘आले’ म्हणायचे. मग ती जेवायची. करायचं मी आणि नाव दुसरीचं, म्हणून मी आतल्या आत पेटायचे. तेव्हा मारियानामावशी, तुझी आई, जिवंत होती. टपालाच्या एका तिकिटात तिला कळलं असतं, आणि मी मुद्दाम लिहिलं नाही.

तिच्या कबरीवर जाशील तेव्हा आधी हे सांग, मग नोंदवहीचं. सांग की तिची आई रोज तिच्याच हातून जेवली.

माझ्यावर माया ठेवता आली तर ठेव.
तुझी,
फिलोमेना