बाकावरची उजवी जागा

सोमवार, जेवणं झाल्यावर

चिमणे, तुला पोटभर आशीर्वाद.

शनिवारी आधी आली ती तसबीरवाल्याची बायको, हातात छत्री नि घड्याळ. मागून तो, तिवई नि लाकडी पेटी सावरत, धापा टाकत. म्हणाला, "आजी, बागेतली कमान, हौद नि दगडी बाक, एवढंच टिपायचंय." म्हटलं, टिप बाबा, दगड काय पळून जातायत?

बायको म्हणाली, "तेच बरं. जे हलतं ते तसबिरीत येतच नाही."

खरंच गं! कागदाला औषध लावून पेटीत सरकवतात, नि दहा मिनिटं झाकण उघडं. तेवढ्यात मी समोरून चार खेपा घालून गुलाबांना पाणी दिलं. कागदावर माझा मागमूस नाही. झारीसुद्धा नाही! जन्मभर राबणारीचं असंच व्हायचं.

काल दाखवायला आले. आधी सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं. खाली दुसरा कागद ठेवून उन्हात धरलं की सुलटं. कमान आली, वेलीचं पान न् पान आलं. आणि बाकावर, डाव्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून हे.

तुझे आजोबा गं. टोपी नीट घातलेली, उजवीकडे माझ्यापुरती जागा सोडलेली. जाऊन तिसरं वर्ष. इथे माळी होते तोवर दहा मिनिटं कधी स्वस्थ बसले नाहीत. आता जमलं बघ! मला इतकं हसू आलं.

तसबीरवाला पांढराफटक. "बाक रिकामा होता, आजी. डाग असेल कागदाला. शाईनं बुजवतो."

"डागाला मिशा असतात का रे?" मी कागद सोडलाच नाही.

मग म्हणे, पुन्हा काढू. म्हटलं, काढ, पण मी बाकावर बसणार.

"अजिबात हलायचं नाही हं. श्वाससुद्धा हळू," बायकोनं बजावलं.

आज सकाळी बसून पाहिलं. साळुंकी आली, माझ्या गुडघ्यावर चोच घासून गेली. तिला मीही दगडच वाटले. आणि चिमणे, ऊन अजून कमानीपलीकडे होतं, तरी बाकाचं डावं टोक ऊबदार होतं.

तू बुधवारी मला कायमची न्यायला येतेस. गाठोडं बांधलेलं नाही, रागावू नकोस. तू शुक्रवारी ये. आल्याबरोबर गुलाबांना पाणी घाल, झारी दाराशी ठेवते.

ती दोघं गुरुवारी येतो म्हणालीत, कमानीवर ऊन आलं की.

तुझी, आता न हलणारी,
आजी