निवटीचा पेपर आणि परीक्षक क्र. २

८ मार्च १९६९
प्राणिशास्त्राच्या त्रैमासिकाचं पाकीट आलं एकदाचं. चिखलातल्या निवटी माशावरचा पेपर पाठवला गेल्या जूनमध्ये, उत्तर आज. तेवढ्यात खाडीतल्या निवट्यांना नातवंडं झाली असतील.

आत संपादकांचं दोन ओळींचं पत्र आणि परीक्षकांचे दोन अभिप्राय. नावं नाहीत. नावं गुप्त ठेवली की परीक्षक निर्भीडपणे लिहितो म्हणे. तोंडावर फडकं बांधून दगड मारायला कसली डोंबलाची निर्भीडता लागते?

परीक्षक क्र. १ : ‘लेख चांगला आहे. छापावा.’ बस्स. या गृहस्थाने वाचलेला नाही. वाचला असता तर सातव्या पानावर तक्ता उलटा चिकटलाय तो दिसला असता. माझीच चूक, पण त्याला दिसायला नको?

परीक्षक क्र. २ : टाइप केलेली तीन पानं. उद्या लिहीन. आज लिहिलं तर नुसत्या शिव्या होतील.

९ मार्च
शिव्याच होणार, उद्या काय अन् आज काय.

माझं म्हणणं सगळं मिळून एवढंच. मिठागरातलं पाणी उन्हाळ्यात खारट होत जातं तेव्हा निवटी खाडीकडे पळून जाते, असं पुस्तकात आहे. ती जात नाही. बांधाच्या बुडाशी बीळ खोल करते आणि तिथेच राहते. मी तीन उन्हाळे शेपटीच्या पराला खूण करून करून पाहिलंय. त्याच निवट्या, त्याच बांधाला. हे अजून कुणी लिहिलेलं नाही. माझ्या नावावर जगात एवढी एकच गोष्ट आहे.

क्र. २ म्हणतात, निष्कर्ष ‘धाडसी’ आहे. भाषा ‘अनलंकृत’ आहे. (निवटीला काय नथ घालू?) मग तीन जुन्या लेखांचा उल्लेख नाही म्हणून खेद. तिन्ही लेख डॉ. के. यांचे. निवटी खाडीकडे पळते असं पुस्तकात ज्यांनी लिहिलं, तेच हे डॉ. के. आता क्र. २ कोण ते सांगायला पंचांग काढायला नको.

आणि शेवटी हे : ‘लेखिका स्वतः चिखलात उतरल्या होत्या काय? एका स्त्रीला हे कितपत शक्य आहे, याची शंका येते.’

मेल्या, तुझी शंका तुझ्यापाशी ठेव.

१० मार्च
ह्यांना वाचून दाखवलं. हे रेशनिंग ऑफिसात, त्यामुळे कशाचाच धक्का बसत नाही. म्हणाले, “अगं, टाक ना त्याचे तीन लेख. तीन ओळींनी तुझं काय जातंय?”

काय जातंय ते ह्यांना कसं सांगू? आमच्या कॉलेजातल्या देसाईबाईंचा शेवाळावरचा पेपर असाच एका परीक्षकाच्या टेबलावर वर्षभर पडला. छापून आला तेव्हा त्या परीक्षकाच्या विद्यार्थ्याच्या नावावर. देसाईबाई आता पेपर लिहीत नाहीत, स्वेटर विणतात. माझा पेपर तशाच एका टेबलावर नऊ महिने पडून होता, मला भीती त्याची आहे.

१५ मार्च
तीन लेख टाकले. हात साबणाने धुतले.
शंकेला उत्तर : ‘होय. गुडघ्याच्या वरपर्यंत.’ रजिस्टरने पाठवलं.

२० एप्रिल
संपादकांचं कार्ड. क्र. २ यांचं अजून समाधान नाही. ‘प्रत्यक्ष स्थळ पाहिल्यावाचून मत देता येणार नाही.’

पण नाव गुप्त! मग हे स्थळ पाहणार कसे, बुरखा घालून? की आपण देवळात आलोय असं दाखवून? संपादकांना विचारायची सोय नाही, त्यांच्या प्रत्येक वाक्यात ‘नियमाप्रमाणे’ असतं. असली माणसं शास्त्राच्या दाराशी राखणदार. आत कोण जातंय ते बघत नाहीत, चपला कुठे काढल्या ते बघतात.

११ मे, रविवार
लिहायलाच हवं, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी मारवाड्याकडे साखर आणायला गेले, तर तो म्हणतो, “बहनजी, एक सफेद पँटवाले साहब आपका घर पूछ रहे थे. मछली का कुछ काम है बोले.” घरी येते तो ओट्यावर साक्षात डॉ. के.! पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट. मिठागरात यायचं म्हणून मिठासारखे आले असावेत.

“मी आपला सहज,” म्हणाले. “डोंगरीला एक स्नेही असतात. म्हटलं, वाटेत तुमचं भाईंदर.”

डोंगरीची बस पार दुसरीकडून सुटते. असो. चहा केला. पोहे केले. हे समोर बसून वर्तमानपत्रात डोकं घालून हसू दाबतायत ते मला दिसत होतं.

“काय, हल्ली काही लेखन?”
“आहे एक. पाठवलंय कुठेतरी.”
“अस्सं? कशावर?”
“निवटीवर.”
“वा, वा! मला कल्पना नव्हती.” आणि लगेच, पोहे तोंडात असतानाच, “तो तुमचा वडाकडचा बांध इथून लांब आहे का हो?”

वडाकडचा बांध फक्त माझ्या पेपरात आहे. ह्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. मला हसू नाही आलं. नाही दाखवला तर हा लिहिणार ‘पुरावा नाही’, आणि पेपर गेला. दाखवला, तर जागा, वेळ, पद्धत सगळं याच्या खिशात. देसाईबाईंचे स्वेटर डोळ्यांपुढे आले.

आत जाऊन उगाच कपबशा विसळल्या. मग बाहेर येऊन म्हटलं, “चला.”

कोळीवाड्यातली जनाबाई बांधावरच भेटली. माझ्याबरोबर तीन उन्हाळे तिने बिळं उकरली आहेत, त्यातल्या निम्म्या निवट्या तिच्या कालवणात गेल्या हेही खरं. डॉक्टरांकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “बाय, यो कोन? लगीन हाय का कुठं?”

ऊन मरणाचं. एकही निवटी वर नाही. डॉक्टर बांधावर उभे, रुमाल डोक्यावर. “खाली उतरता?” विचारलं. “नको, इथून उत्तम दिसतंय.” काय दिसतंय? चिखल! एका स्त्रीला हे कितपत शक्य, असं लिहिणारा हाच तो मनुष्य. बुटाचं टोकसुद्धा ओलं केलं नाही. पाच मिनिटं उभे राहून म्हणतात, “मला वाटतं, इथे काही नाही, बाई. गेल्या सगळ्या खाडीला.”

मग माझं डोकं फिरलं. पदर खोचला, उतरले, आडवी झाले, खांद्यापर्यंत हात बिळात घातला. जनाबाई वरून ओरडते, “आजून आत, आजून!” मिळाली. शेपटीला माझी खूण. मागच्या वर्षीची. वर येऊन सरळ त्यांच्या हातात दिली, चिखलासकट. पांढऱ्या बाहीला बिचारीला आई आठवली असेल.

आणि हे लिहून ठेवते, नंतर मी नाकबूल करीन म्हणून. त्या माणसाचा चेहरा बदलला. “अरे! अरेच्चा!” म्हणाले. निवटी तळहातावर टुणकन उडी मारून पुन्हा त्यांच्या मनगटावर बसली आणि ते तिच्याकडे बघत राहिले. “मे महिन्यात मी कधी आलोच नाही हो,” असं हळूच म्हणाले. त्या क्षणी मला तो माणूस आवडला. अगदी मनापासून.

लगेच भानावर येऊन म्हणाले, “दोन मिळतील का, बाटलीत?”

दिल्या. न देऊन सांगते कुणाला.

१२ मे
हे म्हणतात, “बघ, माणूस चांगला आहे. तू उगाच.” असेल. संध्याकाळी जनाबाई दारात उभी राहून विचारत होती, “गेला का तुजा नवरदेव? निवट्या खाल्ल्यान का न्हाय?” तिला सांगितलं, बाटलीत घालून नेल्या. तिने कपाळाला हात लावला.

१४ जुलै
काही नाही. पोस्टमनला आता माझी दया येते.

२ ऑगस्ट
काही नाही. कॉलेजात एकाने सांगितलं, डॉ. के. हल्ली फार उत्साहात आहेत, काहीतरी नवं हाती लागलंय म्हणतात. मी तास सोडून स्टाफरूममध्ये जाऊन बसले. देसाईबाईंनी लोकर पुढे केली. मी घेतली नाही.

३० ऑगस्ट
आलं. नीट लिहिते, चीड आवरून. आवरली तर.

पेपर स्वीकारलाय. परीक्षक क्र. २ यांचं ‘पूर्ण समाधान’ झालंय. अभिनंदन वगैरे. पुढे : ‘योगायोगाने, डॉ. के. यांचेही एक टिपण याच विषयावर आमच्याकडे आले आहे. दोन्ही एकाच अंकात छापावे असा विचार आहे. ज्येष्ठतेनुसार डॉ. के. यांचे टिपण आधी येईल, त्यानंतर आपला लेख. संमतीपत्र सोबत आहे. संमती नसल्यास आपला लेख पुढील वर्षी विचारात घेऊ. टिपण या अंकातच जाईल.’

योगायोगाने! अहो, योगायोग माझ्या घरी पोहे खाऊन गेला. दोनदा घेतले.

टिपणाचं प्रूफही सोबत जोडलंय, मी खूश होईन अशा समजुतीने बहुधा. दोन पानं. निवटी उन्हाळ्यात मिठागर सोडत नाही. लेखकाने हे भाईंदर येथे स्वतः पाहिलं. हातात घेऊन पाहिलं. वडाकडच्या बांधाला. माझे तीन उन्हाळे कुठेच नाहीत, त्याची एक सकाळ आहे. आणि तळाला बारीक अक्षरात : ‘जागा दाखविण्यासाठी एका स्थानिक महिलेचे साहाय्य झाले.’

स्थानिक महिला! दोन पदव्या, दहा वर्षं शिकवतेय, खांद्यापर्यंत चिखलात हात घालून याच्या तळव्यावर सत्य ठेवलं, आणि मी स्थानिक महिला. याने माझे पोहे तरी उल्लेखात घ्यायचे.

३१ ऑगस्ट
रात्रभर डोळा नाही. हे म्हणतात, “सही कर. छापून तर येतंय ना? नाव तर येतंय ना?” येतंय हो. त्याच्या मागे. वाचणारा आधी त्याचं वाचणार, मग माझं. म्हणणार, बाईंनी डॉक्टरांचं बरं पडताळून पाहिलंय. जन्मभर मी त्याला दुजोरा देणारी. सही नाही केली तर त्याचं एकट्याचं येणार आणि पुढच्या वर्षी मी त्याची नक्कल करणारी. असा पेच घालायला डोकं लागतं. ते डोकं निवटीवर चालवलं असतं तर एवढी वर्षं पुस्तकात चूक राहिली नसती.

तरी त्याचा तो बांधावरचा चेहरा आठवतो. खोटा नव्हता तो. त्याचाच मला जास्त राग येतोय.

४ सप्टेंबर
संपादकांना हरकत पाठवली. मऊ भाषेत, चार वेळा लिहून. माझा लेख गेल्या वर्षीच्या जूनमध्ये आला आहे, टिपण नंतरचं आहे, तारखा आपल्याकडेच आहेत. लेख आधी छापावा. ‘स्थानिक महिला’ काढून माझं नाव घालावं. क्र. २ आणि डॉ. के. यांच्यात काही नातं आहे का, एवढं आपण पाहावं, अशी विनंती. हे शेवटचं वाक्य ह्यांनी खोडायला लावलं. मी परत घातलं.

पाकीट टाकून येताना बरं वाटलं. कुठेतरी एक माणूस तर असेल तारखा वाचणारा.

१९ सप्टेंबर
कार्ड आलं. उतरवून ठेवते.

‘आपली हरकत मिळाली. नियमाप्रमाणे ती परीक्षक क्र. २ यांच्याकडे अभिप्रायार्थ पाठविली आहे. त्यांच्या मताची वाट पाहण्यासाठी अंक थांबविता येणार नाही, तरी संमतीपत्र सोमवारपर्यंत पोचावे. परीक्षकांचे नाव गुप्त असल्याने त्याविषयी कृपया पृच्छा करू नये.’

ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.
“म्हणजे, त्याची तक्रार त्याच्याचकडे?”
“हो.”
“आमच्या ऑफिसातसुद्धा असं नाही गं करत.”
आज पहिल्यांदा ‘सही कर’ म्हणाले नाहीत. मग स्वतः चहा करायला उठले, साखर कुठे आहे ते विचारलं.

संमतीपत्र टेबलावर आहे. खाली माझं नाव टाइप केलंय, वर रेघ मोकळी. सोमवारी पोचायचं तर उद्या सकाळी टाकायला हवं. सगळ्यांना ठाऊक आहे तो कोण ते, संपादकांना, मला, मारवाड्याला, जनाबाईला. फक्त लिहायचं नाही. मला आता रडूसुद्धा येत नाही, इतकी किळस आलीय. पेन उघडून ठेवलंय.