खाऊनपिऊन सुखी

सोमवार, ता. ४
नगरपालिकेची बाई आली होती. घराघरांतल्या उत्पन्नाची पाहणी चाललीय म्हणे. सूनबाई शिवणाच्या कारखान्यात, नात क्लासला. घरात मी एकटाच. काय गोड आवाज तिचा! आमच्या वर्गात कविता म्हणायला जिला उभं करायचे, ती मुलगी आठवली.

"आजोबा, महिन्याला किती येतात घरात?"

दार सताड उघडं. समोरच्या पायरीवर हेडक्लार्क — स्वतः निवृत्त, शर्टाची इस्त्री मात्र अजून नोकरीत! — कान टवकारून बसलेले. मी छाती काढून म्हणालो, "खाऊनपिऊन सुखी आहोत!" आणि मुलगा होता तेव्हाचा त्याचा पगार सांगून मोकळा झालो. सहीही झोकदार केली.

मंगळवार, ता. ५
दुपारभर सहावीतली कविता आठवत बसलो. चौथं कडवं काही सापडेना.

शुक्रवार, ता. १५
गरीब कुटुंबांची यादी लागली. आमचं नाव नाही. नाव असतं तर नातीची नर्सिंगची फी माफ होती — मला कुठे ठाऊक!

सूनबाई एवढंच म्हणाली, "बाबा, तो पगार बंद होऊन सहा वर्षं झाली." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

नात हसली. "आजोबा, आपण श्रीमंत झालो आणि मला पत्ताच नाही?" प्रवेशाचा अर्ज मात्र घडी घालून कपाटात ठेवला तिने. मी पाहिलं.

हरकत घ्यायची तर बुधवारी, वॉर्डाच्या सभेत. सगळ्यांदेखत!

मंगळवार, ता. १९
'आम्ही गरीब आहोत.' तीनच शब्द. शाळेत तीस श्लोक न अडखळता म्हणायचो मी! हे काही केल्या जिभेवर चढत नाहीत.

बुधवार, ता. २०
म्हणालो.

कारकून म्हणतो, "आजोबा, मोठ्याने! मागे ऐकू येत नाही." पुन्हा म्हणालो — खणखणीत.

मागे खुर्ची सरकली. हेडक्लार्क! "माझाही आकडा फुगवलेला आहे. हे समोर राहतात ना — यांच्यापेक्षा कमी कसा सांगू?"

मग शिंपी उठला. मग गिरणीवाल्याची आई. बघता बघता रांग! कारकुनाने कपाळावर हात मारला, "अहो, परवापर्यंत सगळी गल्ली सुखवस्तू होती की!"

गुरुवार, ता. २८
नवी यादी. नाव आहे! नातीने अर्ज नेऊन दिला. सूनबाई कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

शनिवार, ता. ३०
सकाळी दारात हेडक्लार्क. अंगात साधा बनियन, हातात रिकामी वाटी. "थोडी साखर असेल का?"

चाळीस वर्षं समोरासमोर राहतोय. कुणी कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं!

अर्धी वाटी दिली. डब्यात तेवढीच होती — तेही सांगितलं.