पाण्याखालची कड

ताईस,

संग्रहालयात मुलांसाठी खंडांचं लाकडी कोडं बनवते आहे. सगळे खंड एकेकाळी एकत्र होते आणि नखं वाढावीत इतक्या सावकाश लांब सरकले, हे मुलांनी तुकडे जोडून बघायचं. मी किनाऱ्याच्या रेघेवरून सफाईने कापलं, तर मधे बोटभर फट राहिली. आमच्या भूगर्भवाल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, किनारा काय, पाणी चढलं-उतरलं की बदलतो. खंडाची खरी कड पाण्याखाली असते. तिथून कापा, मग बघा कसे बसतात." झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आपलं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली. आई गेली तेव्हा तू आली नाहीस म्हणून मी तोडलं, असं सगळे धरून चालतात. तुझा फोन लागला नाही, हे मीच सांगितलं होतं. मामी म्हणते, तू अजून त्या फोनला दोष देतेस.

ताई, मी फोन लावलाच नव्हता. नऊ वर्षं आईचं सगळं मी केलं आणि शेवटी ती तुझंच नाव घेत होती.

हे नव्या नकाशाच्या पाठीवर लिहिते आहे. उद्या या बाजूला सरस लावून तो फळीवर चिकटवेन आणि कापेन. मुलं तुकडे जोडतील, ते नीट बसतील. या खेपेला कड चुकलेली नाही.

तुझं,
शेपूट