रंगाखालचा पत्रा

ताई,

"बाबांनी मागे रंग दिलाय, आता दिवे तपासल्याशिवाय पिकअप बाहेर काढू नकोस," असं तू बजावलं होतंस. मी हसले, म्हटलं रंगाने कुठे दिवे विझतात! आज छकुलीला पाळणाघरात सोडायला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर मागची बस वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. ड्रायव्हर ओरडला, "बाई, ब्रेक मारता की कोडं घालता?" छकुली खिदळली, मी मात्र तिथूनच मागे वळले. गाडी परत लावली नि तिला चालत सोडलं.

मग बघितलं. बल्ब, फ्यूज चांगले आहेत, पण ब्रेक दाबून इंडिकेटर दिला की मागचे सगळेच दिवे मिणमिणतात, ब्रेकचा कुठला ते कळतच नाही. बाबांनी हौसेने मागची बाजू रंगवताना अर्थिंगच्या वायरीखालचा पत्राही रंगवलाय, त्यामुळे वायर पत्र्याला नीट टेकत नाही. तेवढी जागा पॉलिशपेपरने घासून स्क्रू घट्ट आवळ. तोवर गाडी हलवायची नाही.

बाबांना मी चकार शब्द बोलले नाही, पण त्यांना कळलंय. सकाळपासून गाडीमागे स्टूल टाकून बसलेत, जेवलेही नाहीत. मला कामाला निघावंच लागतंय. पोरगी ठणठणीत आहे, रंगही झकास जमलाय, असं तू सांगितलंस तर ऐकतील. आल्याआल्या आधी त्यांना बघ गं, गाडी नंतर.

वहिनी