सरोजिनीताईंची प्रार्थना

प्रिय आई,

प्रभूच्या नावाने सलाम. मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. बाबांचा खोकला थांबला का?

माझं लग्न मोडल्याचं मी नागपुरात फक्त चर्चमधल्या सरोजिनीताईंना सांगितलं होतं. कालच्या आधीच्या रविवारी सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन, रडत रडत, त्यावरच प्रार्थना केली. लोक ‘आमेन’ म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून सांगितलं?"

"तुह्यासाठीच मागितलं वं!" म्हणाल्या.

काल प्रभुभोजन होतं. ताई शेजारीच येऊन बसल्या. मनात राग ठेवून प्रभूची भाकर कशी घ्यायची? मी ती घ्यायला उठले नाही. ‘क्षमा केली’ असं ओठांनी म्हणता आलं असतं, पण देव मन पाहतो. म्हणून त्याला खरं तेच सांगितलं, की आज मला जमत नाही.

चर्च सोडणार नाही, काळजी करू नकोस.

तुझी,
एस्तेर