ट्रंक कॉल करणारा तो भामटा मीच

अकोला, ता. ११ फेब्रुवारी १९६१

श्रीयुत देवरावजी व्याही, मुक्काम अमरावती, यांस अकोल्याहून नत्थुजीचा दोन्ही हात जोडून रामराम पोचावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला असेल, नसला तर ज्येष्ठमध चघळायला सांगा. (मलाही खोकला आहे, पण माझा काळजीचा आहे, त्याला ज्येष्ठमध लागत नाही.) इकडे सर्व कुशल. सर्व म्हणजे मी एकटाच, हे तुम्हाला ठाऊक आहे. अक्षर माझंच आहे, चौथीपर्यंत शिकलेल्याचं आहे, तरी सांभाळून वाचावं.

लिहिण्याचं कारण असं. तुमचे शेजारी मोरोपंत वकील यांच्या टेलिफोनवरून कोणी भामटा तुमच्या सुनांना फसवायला बघतो, अशी बातमी तुमच्या घरात पसरली असेल. वकीलसाहेब पोलिसांत अर्ज देण्याआधी कळवतो, की तो भामटा मी आहे.

वरणात हिंग आधी घालायचा की हळद, एवढंच सिंधूला विचारायचं होतं. पत्रानं विचारता आलं असतं, पण पत्राचं उत्तर येईतो वरण थांबत नाही. (ती सासरी गेली तेव्हा तिची माय होती, म्हणून ही विद्या मी शिकलो नाही. माय जाऊन आता चौदा महिने झाले.) अडल्यानडल्या वेळेसाठी तुम्ही वकीलसाहेबांचा नंबर लिहून दिला होता, तो घेऊन तारघरात गेलो. तिथल्या बाबूनं सांगितलं, पी. पी. कॉल घ्या. म्हणजे आपण नाव द्यायचं, ते माणूस तिकडे टेलिफोनपाशी आलं तरच बोलणं जोडतात, नाही तर नाही. मी कागदावर ठसठशीत लिहिलं, सिंधू. दीड तासानं बाबू म्हणाला, त्या नावाची बाई तिकडच्या आळीत नाही. घरी येऊन देवापुढे बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला, की लग्नात तुम्ही तिचं नाव बदललं होतं. तुमच्या चिरंजीवांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी मांडवामागे तुमच्याच बैलांना सरकी टाकत होतो. पुढे कधी विचारलं नाही. पत्राखाली ती अजून सिंधूच लिहिते. आता व्याह्याला कोणत्या तोंडानं विचारावं, की बुवा, माझ्या मुलीचं नाव काय?

म्हणून दुसऱ्या वेळी 'देवरावजींची सूनबाई' असं लिहून दिलं. तुमच्या घरात सूनबाई म्हटलं की थोरली येते, हे मला अकोल्यात बसून काय कळे? मी म्हटलं, बाई, जेवलीस काय? तिकडून एकदम हुंदका आला. (ट्रंक कॉल म्हणजे कोणी तरी गेलं, असंच आपल्याकडे समजतात.) तो ऐकून माझाही धीर सुटला. दोघं चांगली दोन मिनिटं रडलो. खरं सांगतो, चौदा महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मग ती म्हणाली, "बाबा, आपली कपिला जनली काय?" माझ्याकडे गाय नाही. मी तसं सांगितलं, आणि तुमच्या सूनबाईंनी किंचाळून टेलिफोन टाकला. त्यांचं माहेर हिवरखेडचं आणि तिथे कपिला गाभण आहे, हे कोणी मला आधी कळवायला नको?

शेवटी नाव सापडलं ते माझ्याच घरात. पहिल्या दिवाळीला तुम्ही पाठवलेल्या तांब्यावर 'सौ. सुभद्रा' असं कोरलेलं आहे. दोन वर्षं त्याच तांब्यानं पाणी पितो आहे (चष्मा न लावता). परवा त्या नावानं कॉल लावला आणि ती आली. आवाज तिचाच होता. पण तिला माझा ओळखू येईना, कारण मी ओरडून बोलत होतो, अमरावती काही जवळ नाही. शिवाय थोरलीनं घरभर सांगून ठेवलं होतं, की एक म्हातारा बाप होऊन बोलतो. तिनं मला उलटं विचारलं, "बाबा असान तर सांगा, माय मले लाडानं काय म्हने?"

तारघरात सात-आठ माणसं उभी होती. सगळ्यांदेखत बायकोचे लाडाचे शब्द कसे उच्चारायचे? मी म्हटलं, ते इथं सांगता येत नाही. ती म्हणाली, "मंग तुमी माहे बाबा नाई." आणि तीन मिनिटं व्हायच्या आतच बोलणं संपलं. पोरीचं काही चुकलं नाही. परक्या माणसाला असंच विचारावं. मला तर अभिमान वाटला. घरी पोचेपर्यंत टिकला.

तरी थोरल्या सूनबाईंची माझ्या वतीनं माफी मागावी आणि वकीलसाहेबांचा अर्ज थांबवावा. यापुढे मी टेलिफोनला हात लावणार नाही. लहानांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा,
नत्थुजी

ता. क. वरणाचं राहू द्या. शेजारच्या पार्बताबाई म्हणाल्या, आधी हिंग. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

आणखी एक. सिंधूला (म्हणजे सुभद्राबाईंना) आठ दिवसांसाठी धाडता आलं तर धाडा. तिनं विचारलं त्याचं उत्तर पत्रात लिहिणं बरं दिसत नाही. समोर आली की सांगीन, असं तिला सांगा.

आता हे एवढं तिला वाचून दाखवू नका. तारघरात माणसं दोनच होती. मला ते नाव सांगताच आलं नाही. जन्मभर सकाळी कापसाच्या जिनात कामाला जायचो, दिवेलागणीनंतर यायचो. मायलेकी घरात एकमेकींना काय म्हणत, ते कधी कान देऊन ऐकलंच नाही. आता ते तिच्या एकटीलाच ठाऊक आहे. आली म्हणजे विचारून घेईन.